हाताशी असू द्या: जावास्क्रिप्टच्या छोट्या पेटीबद्दल वाचकांच्या शंका

रोज लागणारी जावास्क्रिप्टची दहा-पंधरा फंक्शनं एका फाइलीत, म्हणजे आपल्या छोट्या 'पेटीत', जमा करून ठेवावीत, असं गेल्या अंकात सुचवलं होतं. त्यावर विदर्भातल्या गावागावांतून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. फंक्शनांची मूळ नावं इंग्रजीच आहेत. छपाईच्या सोयीसाठी ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

प्रश्न : धान्याच्या दुकानासाठी बिलाचं पान बनवतो आहे. सगळे सांगतात, लोडॅश टाक आणि मोकळा हो. मग स्वतःची पेटी कशाला? (मूर्तिजापूर, जि. अकोला)

लोडॅश हा तयार फंक्शनांचा संच वाईट नाही. २००९ साली आलेल्या अंडरस्कोअर या तशाच संचाची ती सुधारित शाखा, २०१२ची. पण त्या काळी भाषेतच जे नव्हतं ते आज भाषेत आलं आहे. आकड्यापुढे शून्य लावायला 'पॅडस्टार्ट' आहे (२०१७ पासून), ॲरे सपाट करायला 'फ्लॅट' (२०१९), नसलेल्या खणात हात घालताना प्रोग्राम पडू नये म्हणून प्रश्नचिन्ह-टिंब (२०२०). दुबार मूल्यं गाळणाऱ्या 'युनीक'साठी 'सेट' पुरतो. अख्खी लोडॅश सुमारे ७० किलोबाइटची, दाबून पाठवली तरी पंचवीसच्या आसपास. त्यातली चार फंक्शनं वापरायची आणि ओझं सगळ्याचं वाहायचं, यात शहाणपण नाही.

मात्र 'भाषेत आहे' म्हणजे 'दुकानातल्या संगणकावर आहे' असं समजू नका. गावात अजून विंडोज ७ची डबडी चालतात आणि त्यांवर क्रोम १०९च्या पुढे जात नाही. क्रम लावलेली प्रत देणारं 'टू-सॉर्टेड' आलं क्रोम ११० मध्ये, म्हणजे एका आवृत्तीने हुकलं! गट पाडणारं 'ऑब्जेक्ट डॉट ग्रुपबाय' ११७ मध्ये आलं. त्या संगणकावर ही दोन्ही नाहीत. 'अ‍ॅट', 'फाइंडलास्ट' आणि 'स्ट्रक्चर्डक्लोन' आहेत. तेव्हा गट पाडायचं फंक्शन स्वतः लिहा, पाच-सहा ओळींचं आहे: रिकामा 'मॅप' घ्या, प्रत्येक नोंदीची किल्ली काढा, त्या किल्लीचा ॲरे नसेल तर तयार करा, नोंद त्यात ढकला.

एक गोष्ट मात्र हौसेने लिहू नका. बाहेरून आलेला जेसन (मजकुराच्या रूपातली माहिती) आपल्या ऑब्जेक्टमध्ये खोलवर मिसळणारं 'डीप मर्ज'. त्यात 'प्रोटो' नावाची किल्ली घुसवून कोणी सगळ्याच ऑब्जेक्टांचं मूळ नासवू शकतं. खुद्द लोडॅशच्या 'डिफॉल्ट्सडीप'मध्ये हे भोक निघालं होतं आणि २०१९ मध्ये ४.१७.१२ आवृत्तीत ते बुजवलं गेलं. जे जाणत्यांकडून चुकलं ते आपण घाईत बरोबर लिहू, ही शक्यता कमी.

उलट टोकही टाळा. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएम या पॅकेजांच्या सामाईक कोठारावरून काढून घेतलं आणि बाबेल या कोड रूपांतरित करणाऱ्या साधनासकट जगभरातल्या प्रकल्पांची बांधणी अडकली. अकरा ओळींसाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं नाही, इतपत धडा घ्यायला हरकत नाही.

प्रश्न : जिनिंगच्या काटा पावतीचा हिशेब करतो. एकेक पावती बरोबर दिसते, पण दिवसाची बेरीज कधी एक पैशाने, कधी तीन पैशांनी चुकते. कास्तकार पावती घेऊन वाद घालतात. (हिंगणघाट, जि. वर्धा)

यात दोन वेगळ्या चुका मिसळल्या आहेत.

पहिली दशांशाची. जावास्क्रिप्टमधला आकडा द्विमान पद्धतीत साठतो. तिथे ०.१ नेमका मावत नाही, जसं आपल्या दशांशात एक तृतीयांश मावत नाही. म्हणून ४.३५ गुणिले १०० केलं की उत्तर येतं ४३४.९९९९९९९९९९९९९४. त्याचा पूर्णांक घेतलात की ४३४, एक पैसा गेला. 'टूफिक्स्ड' लावून हे झाकलं जात नाही: १.००५ ला दोन स्थळांपर्यंत टूफिक्स्ड केलं तर १.०१ नव्हे, १.०० मिळतो.

उपाय जुनाच आहे. वजन ग्रॅममध्ये ठेवा, भाव क्विंटलमागे पैशांत ठेवा, दोन्ही पूर्णांक. समजा कापूस ७ क्विंटल ४३ किलो ५०० ग्रॅम, भाव ७,५२१ रुपये (२०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव). म्हणजे ७,४३,५०० ग्रॅम आणि ७,५२,१०० पैसे. गुणाकार करा, एका क्विंटलच्या १,००,००० ग्रॅमने भागा: ५५,९१,८६३.५ पैसे. आता एकदाच, फक्त एकदाच, 'मॅथ डॉट राउंड'. ५५,९१,८६४ पैसे, म्हणजे ५५,९१८ रुपये ६४ पैसे. भागाकार शेवटी करायचा हे ध्यानात ठेवा. आधी किलोमागचा भाव काढून मग गुणलं की दशांश पुन्हा आत शिरतो. मधला गुणाकार मोठा होतो, पण घाबरू नका. दहा हजार क्विंटलची पावती फाडली तरी तो आठशे लाख कोटीच्या आत राहतो आणि जावास्क्रिप्ट नऊ हजार लाख कोटीपर्यंत पूर्णांक बिनचूक धरते.

दुसरी चूक बेरजेची, आणि वाद बहुधा हिच्यामुळेच होत असावा. पावतीवर गोल केलेली रक्कम छापता, पण दिवसाची बेरीज न गोल केलेल्या रकमांची करता. अर्ध्या-पाव पैशांचे तुकडे जमून फरक दिसतो. जी रक्कम छापली तीच साठवा आणि तिचीच बेरीज करा.

हमाली-तोलाई वजा करताना एक बारीक गोष्ट: राउंड २.५ चे ३ करतं, पण उणे २.५ चे उणे २. म्हणून कपात धन आकड्यातच गोल करा, वजाबाकी नंतर.

वाटणीचं फंक्शनही याच खणात ठेवा. बटईत तिघांमध्ये १०० रुपये वाटायचे तर ३३.३३ च्या तीन वाटण्या ९९.९९ होतात. १०,००० पैशांना ३ ने भागा, पूर्ण भाग ३,३३३, उरला १. उरलेले पैसे पहिल्या वाटेकऱ्यापासून एकेक देत जा: ३३.३४, ३३.३३, ३३.३३. पहिला कोण हे आधी ठरवून ठेवा, नाहीतर तोही वादच.

दाखवण्यासाठी 'इंटल डॉट नंबरफॉरमॅट' वापरा. 'ईएन-आयएन' दिलं की लाख-कोटीचे स्वल्पविराम, 'एमआर-आयएन' दिलं की आकडेही देवनागरी. हा फॉरमॅटर फाइलीच्या वर एकदाच तयार करा. प्रत्येक ओळीला नवा बनवला तर हजार ओळींची यादी रेंगाळते. आणि दाखवलेला मजकूर परत आकड्यात वाचू नका. '५५,९१८.६४' इंग्रजी आकड्यांत लिहून 'पार्सफ्लोट'ला दिला तर ते पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतं आणि ५५ देतं. चूक कुठेच दिसत नाही, रक्कम मात्र जाते.

प्रश्न : संत्र्याच्या फवारणीची नोंद १५ जूनची केली की सर्व्हरवर १४ जून पडते. संध्याकाळी केली तरी तेच. (वरूड, जि. अमरावती)

नोंद कधी केली याला महत्त्व नाही. तुम्ही तारखेवरून 'डेट' बनवता तेव्हा त्यात रात्रीचे बारा वाजलेले असतात, आपल्या घड्याळाने. मग 'टू-आयएसओ-स्ट्रिंग' ते ग्रिनिचच्या वेळेत नेतं, म्हणजे साडेपाच तास मागे: १४ जून, १८:३०. पहिली दहा अक्षरं कापलीत की १४ जून हातात.

दिवसाची नोंद असेल तर वेळेच्या फंदात पडूच नका. पेटीत 'तारीख-मजकूर' असं फंक्शन ठेवा: 'गेटफुलइयर', 'गेटमंथ' अधिक १, 'गेटडेट'; शेवटच्या दोघांना पॅडस्टार्टने दोन अंकी करा आणि मध्ये आडव्या रेघा. महिन्यात १ मिळवायचा कारण तिथे जानेवारी म्हणजे शून्य. साठवण याच मजकुराची. वर्ष-महिना-दिवस असा क्रम असल्याने साधी अक्षरांची तुलनाही बरोबर लागते.

उलट वाचताना दोन खड्डे आहेत. '२०२५-०६-१५' हा मजकूर थेट 'न्यू डेट'ला दिला तर तो ग्रिनिचची मध्यरात्र धरतो, आपल्याकडे सकाळचे साडेपाच; आकडे सुटे करून दिले तर आपली मध्यरात्र. दोन्ही छापल्यावर १५ जूनच दिसतात, पण 'सारखे आहेत का' विचारलं तर नाही म्हणतात. दुसरा खड्डा जास्त वाईट. '१५/०६/२०२५' दिलं तर क्रोम 'इनव्हॅलिड डेट' म्हणतो, चूक लगेच कळते. '०५/०६/२०२५' दिलं तर तो निमूटपणे ६ मे घेतो, कारण ती अमेरिकेची रीत. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा तारखा बिनबोभाट उलटतात आणि तेराव्या तारखेला ग्राहक फोन करतो. मजकूर तिरप्या रेघेवर स्वतः तोडा, तीन आकडे स्वतः ओळीत लावा.

दोन फवारण्यांमधले दिवस मोजायला दोन्ही तारखांना 'डेट डॉट यूटीसी' लावून वजा करा आणि ८,६४,००,००० ने भागा. एका दिवसाचे तेवढे मिलिसेकंद. 'एक महिन्याने' मात्र जपून: ३१ जानेवारी २०२५ चा महिना एकाने वाढवला की फेब्रुवारीला ३१ तारीख नसल्याने हिशेब पुढे सांडतो आणि ३ मार्च येतो. फवारणीचं अंतर दिवसांत धरतात, तसंच धरा.

प्रश्न : कास्तकारांच्या यादीत 'वऱ्हाडे' शोधलं तर अर्धेच सापडतात. यादीत डोळ्यांना सगळे सारखे दिसतात. (दिग्रस, जि. यवतमाळ)

डोळ्यांना सारखे, संगणकाला नाहीत. 'ऱ्ह' तीन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्ता असलेला एकसंध ऱ, र आणि सुटा नुक्ता, आणि साधा र, हलन्त, त्यामागे न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. पहिल्या तऱ्हेने 'वऱ्हाड' शब्दाची 'लेंग्थ' ६ येते, बाकी दोन्हींनी ७. कीबोर्ड बदलला की तऱ्हा बदलते, म्हणून एकाच यादीत तिन्ही सापडतात. कृषी केंद्राच्या 'ॲग्रो'चंही तेच: एकसंध ॲ, अ वर चंद्र, आणि मध्ये जोडक घालून.

पेटीत 'शोधकिल्ली' नावाचं फंक्शन ठेवा आणि पायऱ्या याच क्रमाने लावा. आधी 'नॉर्मलाइझ', सुटे भाग जोडणाऱ्या एनएफसी पद्धतीने. सुटा नुक्ता र ला चिकटून ऱ होतो. मग र-हलन्त-जोडक या तिघांच्या जागी ऱ-हलन्त. त्यानंतरच उरलेले सगळे जोडक (२००डी) आणि विजोडक (२००सी) काढून टाका. हा क्रम उलटला तर जोडक आधी जातो, मागे उरतो र-हलन्त-ह, आणि 'वऱ्हाडे'चं 'वर्हाडे' होतं, रफार डोक्यावर. मग अ-चंद्र या जोडीच्या जागी एकसंध ॲ. हे नॉर्मलाइझ करत नाही, हातानेच करावं लागतं. शेवटी लागोपाठच्या मोकळ्या जागांची एक करा आणि टोकं छाटा. व्हॉट्सॲपवरून उचललेल्या मजकुरात २००बी ही अदृश्य जागाही येते, ती 'ट्रिम'ला दिसत नाही, तिला वेगळं काढा.

मूळ नाव तसंच ठेवा, किल्ली शेजारच्या खणात. यादीतल्या नावांनाही आणि शोधपेटीत टाइप केलेल्यालाही हेच फंक्शन लावायचं. एकाच बाजूला लावलं तर पूर्वीइतकंच सापडेल, कदाचित कमी.

याच घरातलं एक फंक्शन म्हणजे देवनागरी आकड्यांचं. 'नंबर' ला '१२३' दिलं की उत्तर 'नॅन', म्हणजे 'हा आकडा नाही'. प्रत्येक देवनागरी अंकाच्या संकेतांकातून २४०६ वजा केले की साधा अंक मिळतो. 'टाइप नंबर'च्या चौकटीवर भिस्त ठेवू नका: न समजलेला मजकूर ती रिकामा म्हणून देते आणि 'नंबर'ला रिकामी स्ट्रिंग दिली की तो शून्य सांगतो. वजन शून्य नोंदलं जातं आणि कोणाला पत्ता नाही. चौकट साध्या मजकुराची ठेवा, 'इनपुटमोड' डेसिमल द्या, रिकामी स्ट्रिंग आधी अडवा.

नावाचं पहिलं अक्षर गोलात दाखवायचं असेल तर 'स्लाइस' नको. 'पुसद'चा एक तुकडा 'प' येतो, उकार मागे राहतो. 'इंटल डॉट सेगमेंटर' वापरलं तर 'पु' येतो. एसएमएससाठी मात्र लेंग्थच खरी: मराठी संदेशाला ७० मोजायचे, त्याहून लांब झाला तर तुकड्यामागे ६७. मात्रा, हलन्त, जोडक सगळे त्यात मोजले जातात.

प्रश्न : डोंगरात रेंज येते-जाते. शोधपेटीत दर अक्षराला विनंती जाते, कधी जुनंच उत्तर वर येऊन बसतं. आणि 'जतन करा' दाबलं की कधी दोन-दोन नोंदी. (धारणी, मेळघाट)

तीन दुखणी, तीन औषधं.

दर अक्षराच्या विनंतीला 'डिबाउन्स', म्हणजे टायपिंग थांबेपर्यंत काम लांबवणारं फंक्शन. आतली रचना एवढीच: बाहेरच्या फंक्शनात टायमरचं एक व्हेरिएबल, ते आतलं फंक्शन परत करतं, आतलं फंक्शन जुना टायमर रद्द करून नवा लावतं आणि टायमर वाजला की खरं काम करतं. ३०० मिलिसेकंद टायपिंगला ठीक, तुमच्या रेंजला ५००ही चालतील. नवखे एक चूक हमखास करतात, ती म्हणजे 'डिबाउन्स'ला प्रत्येक अक्षराच्या हँडलरच्या आत बोलावणं. दर वेळी नवा टायमर जन्मतो, जुन्याला कोणी रद्द करत नाही, आणि विनंत्या तेवढ्याच जातात, फक्त ३०० मिलिसेकंद उशिरा. ते हँडलरच्या बाहेर एकदाच बनवायचं. मराठी टाइप होताना 'जुळवणी चालू' (कीबोर्ड शब्द अजून घडवतो आहे) असेल तर थांबा, असा सल्लाही मिळेल. मोबाइलवर तो पाळू नका. तिथले कीबोर्ड बहुधा मोकळी जागा दाबेपर्यंत जुळवणी चालूच आहे म्हणतात आणि शोध सुरूच होत नाही.

जुनं उत्तर वर बसतं कारण 'वरु'ची विनंती आधी गेली तरी 'वरुड'च्या नंतर परतली. नवी पाठवताना 'अबॉर्टकंट्रोलर'ने जुनी तोडा. तोडलेली विनंती 'अबॉर्टएरर' फेकते. तो गिळून टाका, नाहीतर रेंज असतानाही पडद्यावर 'नेटवर्क नाही' झळकेल. शिवाय विनंती पाठवणारं 'फेच' सर्व्हरकडून ४०४ किंवा ५०० अशी चूक आली तरी तक्रार करत नाही. 'ओके' तपासणं आपलं काम, म्हणून ते पेटीतल्या वेष्टनातच घाला.

पुन्हा प्रयत्नाचं फंक्शन १, २, ४, ८ सेकंद असं थांबत जावं आणि प्रत्येक थांब्यात थोडी यादृच्छिक भर घालावी, म्हणजे रेंज परतताच सगळ्यांचे फोन एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडत नाहीत. ४००च्या घरातल्या चुकांना पुन्हा प्रयत्न नको, माहितीच चुकीची आहे. ४०८ (वेळ संपली) आणि ४२९ (विनंत्या फार झाल्या) तेवढे अपवाद.

दुहेरी नोंदीचं मूळ याच पुन्हा प्रयत्नात आहे. पहिली विनंती पोचली, नोंद झाली, फक्त पोच वाटेत हरवली. फॉर्म उघडताना एक अनन्य क्रमांक तयार करा, प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवा आणि सर्व्हरच्या तक्त्यात त्या रकान्यावर 'युनीक' बंधन घाला. क्रमांक प्रत्येक प्रयत्नात नवा बनवला तर सगळं मुसळ केरात. 'रँडमयूयूआयडी' सोपं आहे, पण ते फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर असतं. कार्यालयातल्या एका संगणकावर सर्व्हर आणि बाकीचे १९२.१६८ च्या साध्या पत्त्याने जोडलेले असतील, तर सर्व्हरवर चालेल आणि बाकीच्यांकडे 'असं फंक्शन नाही' येईल. तिथे 'गेटरँडमव्हॅल्यूज'ने १६ बाइट घेऊन स्वतः जोडा. ते सगळीकडे चालतं.

आपोआप जतन होण्यालाही डिबाउन्स लावणार असाल तर त्याला 'आत्ताच उरका' अशी सोय ठेवा आणि पान नजरेआड जाताना, म्हणजे 'व्हिजिबिलिटीचेंज'ला, ती वापरा. नाहीतर शेवटची दुरुस्ती टायमरमध्येच राहते.

प्रश्न : गट क्रमांकानुसार नोंदी ऑब्जेक्टमध्ये भरतो. ११२, ४५/२, ७ असा क्रम दिला की ७, ११२, ४५/२ असा निघतो. (सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

नियमच तसा. निव्वळ पूर्णांकासारख्या किल्ल्या आधी, चढत्या क्रमाने. बाकीच्या नंतर, भरल्या क्रमाने. '४५/२' पूर्णांक नाही, म्हणून मागे पडला. 'मॅप' वापरा, भरला तोच क्रम राहतो. फक्त मॅपमध्ये आकडा ७ आणि मजकूर '७' या दोन वेगळ्या किल्ल्या आहेत. भरताना सगळं मजकूर करून घ्या.

प्रश्न : वजनं लावली तर १००, २५, ९ असा चढता क्रम येतो! (मंगरूळपीर, जि. वाशिम)

'सॉर्ट'ला काही सांगितलं नाही तर ते आकड्यांनाही अक्षरं समजतं. 'अ वजा ब' देणारं फंक्शन द्या. सॉर्ट मूळ ॲरेच हलवतं, म्हणून आधी प्रत घ्या. नावांसाठी 'इंटल डॉट कोलेटर', भाषा 'एमआर'. नुसत्या संकेतांकांनी लावलं तर ळ हा ल च्या मागोमाग येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर.

अशाच जातीचा आणखी एक सापळा: '१०', '२०', '३०' या इंग्रजी आकड्यांतल्या मजकुरांवर 'मॅप' करताना थेट 'पार्सइंट' दिलं तर १०, नॅन, नॅन मिळतात. मॅप दुसरं मूल्य म्हणून अनुक्रमांक पाठवतो आणि पार्सइंट त्याला अंकपद्धतीचा पाया समजतं. तिथे 'नंबर' द्या.

प्रश्न : पावतीची प्रत काढून तिच्यात कपात बदलली, तर मूळ पावतीतही बदलली. तीन टिंबांनी प्रत घेतली होती. (आर्वी, जि. वर्धा)

तीन टिंबं वरचा थर उतरवतात. आतला कपातीचा ॲरे दोघांत सामाईक राहतो. जेसन करून परत वाचण्याची युक्ती तारखेचा मजकूर करते, 'अनडिफाइन्ड' खण गाळते आणि नॅनचा नल करते. 'स्ट्रक्चर्डक्लोन' तारीख, मॅप, सेट सगळं नीट उतरवतं. ऑब्जेक्टमध्ये फंक्शन असेल तर मात्र चूक फेकतं, आणि ते बरंच आहे: माहितीच्या ऑब्जेक्टात फंक्शनाचं काय काम?

प्रश्न : केंद्रावर इंटरनेट नाही. फोल्डरमधली एचटीएमएल फाइल डबल क्लिक केली की पेटी लोड होत नाही. घरी सर्व्हरवर चालते. (अहेरी, जि. गडचिरोली)

डबल क्लिकने उघडलेल्या पानाचा पत्ता 'फाइल'ने सुरू होतो आणि अशा पानाला 'टाइप मॉड्यूल'ची स्क्रिप्ट आणायला ब्राउझर मनाई करतो. एफ१२ दाबून कन्सोल पाहा, लाल ओळीत 'कॉर्स' दिसेल. तिथे साधी स्क्रिप्ट वापरा: सगळी फंक्शनं लगेच चालणाऱ्या एका फंक्शनात गुंडाळा आणि बाहेर एकच नाव ठेवा. पेटीचा टॅग आधी, पानाचा नंतर. सीडीएनवरून (इंटरनेटवरच्या सामाईक साठ्यावरून) काही घेत असाल तर ती फाइल उतरवून फोल्डरमध्ये टाका.

जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये फाइल दुरुस्त करणार असाल तर जतन करताना यूटीएफ-८ निवडा. 'एएनएसआय'त जतन झाली की मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत. पानात 'मेटा कॅरसेट' अगदी वर, पहिल्या १,०२४ बाइटांत हवं.

प्रश्न : फंक्शनांना मराठी नावं देता येतात का? (तिवसा, जि. अमरावती)

येतात. 'रक्कम', 'वाटणी', 'तारीख' ही जावास्क्रिप्टमध्ये अगदी कायदेशीर नावं आहेत. पण तो न दिसणारा जोडक नावातही चालतो आणि भाषा इथे नॉर्मलाइझ करत नाही. म्हणजे 'वऱ्हाड' दोन तऱ्हांनी लिहिलंत तर दोन वेगळी व्हेरिएबलं, आणि 'व्हेरिएबल सापडत नाही' ही चूक डोळे फाडून पाहिली तरी कळणार नाही. जोडाक्षरात ऱ नसलेली नावं घ्या. किंवा नावं रोमन ठेवून वरचं स्पष्टीकरण मराठीत लिहा, आम्हाला हेच जास्त सोयीचं वाटतं. शिवाय कंसासाठी सारखा कीबोर्ड बदलत बसावं लागत नाही.

प्रश्न : पेटी तयार आहे. एनपीएमवर टाकायची तर काय पाहावं? (आमगाव, जि. गोंदिया)

आधी चाचण्या. ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये आवृत्ती २० पासून चाचणीयंत्र सोबतच पक्कं मिळतं, वेगळं काही बसवायचं नाही. प्रत्येक फंक्शनाला सरळ उदाहरण एक आणि वाकडी तीन: रिकामी स्ट्रिंग, नल, देवनागरी अंक. तारखेच्या चाचण्या 'टीझेड' व्हेरिएबल एकदा एशिया/कोलकाता आणि एकदा यूटीसी ठेवून चालवा. फक्त आपल्या घड्याळावर पास झालेली चाचणी परक्या सर्व्हरवर हमखास पडते.

पॅकेज डॉट जेसनमध्ये 'टाइप' मॉड्यूल, 'एक्स्पोर्ट्स'मध्ये प्रवेशाची फाइल, आणि 'साइडइफेक्ट्स' फॉल्स. शेवटच्यामुळे वापरणाऱ्याचा बंडलर (फाइली एकत्र बांधणारं साधन) न लागणारी फंक्शनं गाळू शकतो. ते खरं असलं तरच लिहा: फाइल लोड होताच 'ॲरे'च्या मुळात काही चिकटवत असाल तर ते खोटं आहे, आणि असं चिकटवूही नये. नाव लहान रोमन अक्षरांतच घेतलं जातं. नावाआधी स्वतःचा खाता-उपसर्ग लावलात तर प्रसिद्ध करताना 'ॲक्सेस पब्लिक' सांगायला विसरू नका. न सांगितल्यास ते खाजगी धरतात आणि खाजगीचे पैसे पडतात.

टाकण्याआधी 'एनपीएम पॅक'ला 'ड्राय-रन' लावून यादी वाचा. ग्राहकांच्या पावत्यांची नमुना फाइल किंवा पासवर्डची 'डॉट-ईएनव्ही' आत गेली आहे का, हे तिथेच दिसतं. 'फाइल्स' या खणात पाठवायच्या फाइलींचीच नावं दिली की हा धोका मुळातच कमी होतो.

आवृत्तीचा पहिला आकडा सवय मोडणाऱ्या बदलासाठी. 'रक्कम'च्या गोल करण्याची रीत बदलली तर फंक्शनाचं नाव तेच राहिलं तरी तो पहिल्या आकड्याचा बदल आहे. कोणाच्या तरी पावत्या त्यावर छापल्या जात असतील. मागे घ्यायचं तर पहिल्या ७२ तासांत, तेही दुसरं कुठलं पॅकेज त्यावर टेकलेलं नसेल तर. पुढे अटी कडक होतात. आणि काढून टाकलेला आवृत्ती-क्रमांक त्याच नावाखाली पुन्हा कधीच वापरता येत नाही, म्हणून १.०.० ची घाई न करता ०.१.० पासून सुरुवात करा.